साहेबाच्या डब्यावर गोधडी

नाशिक रोड
९ जानेवारी १९९९

प्रिय वहिनी,
सप्रेम जयभीम.

तुला ती दुपार आठवते का? दिवाळीची सुट्टी होती, दादा ड्युटीवर गेला होता, आणि आपण दोघी टेकाडावरच्या रेल्वेडब्याच्या दारात पाय खाली सोडून चवळीच्या शेंगा सोलत बसलो होतो. सूप दोघींच्या मध्ये. खालून मालगाडी कसाऱ्याकडे चढत होती. ती इतकी हळू चालली होती की तू गार्डला ओरडून विचारलंस, "दादा, आज पोचाल का?" त्यानं गंभीरपणे हिरवा झेंडा दाखवला. आपण इतक्या हसलो की सुपातले निम्मे दाणे गवतात गेले. छपरावर बारीक पाऊस होता. तसा आवाज मी पुन्हा कुठल्याही छपराखाली ऐकला नाही. लाकूड, त्यावर कापड, कापडावर रंग. पाऊस जणू वर बसायला यायचा.

आता तुझ्या चिरंजीवांचं पत्र आलं आहे. मुकेश लिहितो की डब्यावरचे पत्रे सडले, यंदा नवे पत्रे घालतोय. ज्या सलून-डब्यातून गोरे साहेब लाइन तपासायला फिरायचे, ज्याचं पितळ बाबा आयुष्यभर घासत आले, आणि जो भंगारात निघाल्यावर बाबांनी लिलावात घेऊन ओंडक्यांवरून ढकलत त्या टेकाडावर आणला, त्याच्या डोक्यावर तुम्ही संडासाला घालतात तसे पत्रे घातलेत, तेही आरपार खिळे ठोकून. खिळा ठोकला की भोक पडतं, हे समजायला कॉन्व्हेंटात जावं लागत नाही.

डबे दुरुस्तीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्या शेजारी राहतात. त्यांनी सांगितलेली रीत लिहिते. पत्रे काढायचे. कुजलेल्या फळ्या बदलायच्या. फटी बुजवायला लांबीचा लगदा भरायचा. मग जवसाच्या तेलातला जाड सफेदा फळ्यांवर ओतायचा आणि तो ओला असतानाच वर अखंड कापड ताणून बसवायचं. खिळे फक्त कडेला. कापड रंग प्यायलं पाहिजे, मग वरून पुन्हा रंग. कापड मी ट्रकनं पाठवते आहे, चांगल्यातलं चांगलं, हिरवं. कोंडू सुताराला म्हणावं, स्वतःची अक्कल वापरू नकोस.

तुझी,
कमळ


उंबरमाळी
४ फेब्रुवारी १९९९

कमळवन्सं,
जयभीम.

पत्र पोचलं, कापड पण पोचलं. पत्र आधी पिंकीनं वाचलं, मग मी परत वाचलं, कारण नात माझी वाचताना हसत होती.

दुपार आठवते. पण तुमाला निम्मीच आठवते. दाणे हसण्यानं नाय सांडले. वरून सुपात पाणी पडायला लागलं म्हणून मी सूप ओढलं, तेव्हा सांडले. तुमी वर बघितलं पण नाय, शाळेतलं इंग्रजी गाणं बोलत होता. छप्पर तेव्हा पण गळत होतं. तुमी दिवाळीला यायच्या आणि मे महिन्यात यायच्या. आषाढ-श्रावण तुमी हॉस्टेलात, त्या मठातल्या बायांच्या कौलाखाली काढलात. आमी इथं टोप लावून बसलो. पावसाचा आवाज मला विचारा. पितळेच्या टोपाचा वेगळा येतो, जर्मनच्या पातेल्याचा वेगळा, आणि तुमच्या दादाच्या कपाळावर पडायचा तो सगळ्यात वेगळा, कारण त्यानंतर ते बोलायचे.

तुमच्या कापडाचं सांगते. कोंडू सुतारानं तुमी लिवलं तसंच तुकड्यावर सफेदा लावून बघितला. रंग थेंब थेंब होऊन बाजूला सरकला. ते मेण लावलेलं कापड आहे वन्सं, ट्रकवर टाकायची ताडपत्री. ती कसली रंग पिते. कोंडू बोलला, "बाय नाशकाला शिकवायला होती का शिकायला?" मी बोलले, "गप रे, ती माझी नणंद आहे. तिला बोलायचं तर मी बोलेन."

मुकेशचं ऐका. तो बोलला, "आये, पत्रे नको तर नको. पण या पावसात एक थेंब जरी आत पडला, तर दिवाळीला डबा मुरबाडला जाईल. हितेशशेठ क्रेन घेऊन यायला तयार आहे." तिथं त्याचं रिसॉर्ट आहे, त्यात एक डबा त्यानं आधीच बसवलाय. मुकेशला खरा राग छपराचा नाय. मी त्याच्या स्लॅबच्या घरात राहत नाय, डब्यात राहते, त्याचा आहे. आसनगावला गाडीत लोक त्याला विचारतात, आईला बाहेर ठेवली काय रे.

मी तुमच्या बाबांच्या डब्यात सून म्हणून आले. निघायचं तर त्यातूनच निघणार. एवढंच.

जानकी


नाशिक रोड
२१ फेब्रुवारी १९९९

वहिनी,

कापड चुकलं, मान्य. दुकानदारानं फसवलं. पण त्यासाठी कोंडूचं वाक्य जसंच्या तसं लिहून पाठवायची गरज नव्हती.

श्री. हितेश स्वतः नाशिकला येऊन गेले. चपला बाहेर काढून आत आले, माझ्या हातचा चहा प्यायले, आणि 'सलून' हा शब्द त्यांना माहीत होता. तुझ्या घरात तो कुणी वापरतं का? त्यांनी छापील रंगीत माहितीपत्रक दिलं. म्हणाले, "मॅडम, ओरिजनल आहे तसं ठेवणार. छप्पर कॅनव्हासचंच. तुम्ही सांगाल ती रीत." एवढ्या वर्षांत माझी रीत विचारणारा हा पहिला माणूस.

मी विचार करते आहे. तुझ्याकडे डब्याच्या दाराशी चूल आहे. आरशाच्या चौकटीला तू मिरच्या टांगतेस. साहेबाच्या टेबलावर पिठाचा डबा असतो. बाबांनी ज्या पितळेत स्वतःचा चेहरा दिसेपर्यंत हात चालवला, त्याच्यावर तुझा धूर बसला आहे. तुझ्याजवळ कुजण्यापेक्षा तो मुरबाडला नीट राहिला, तर बाबांना वाईट वाटणार नाही असं मला वाटतं. प्रेम असलं की माणूस वस्तू जवळच ठेवतो असं नाही.

कमळ


उंबरमाळी
३ मार्च १९९९

वन्सं,

न्यायचा तर न्या. पण आधी मुरबाडला जाऊन त्या शेठनं नेलेला पहिला डबा बघा. नाशकात बसून चहा पाजण्यात काय कळतं.

पिठाचा डबा साहेबाच्या टेबलावर आहे, खरं आहे. तुमच्या बाबांनीच ठेवायला सांगितला. मी नवी सून, मी खाली ठेवत होते. ते बोलले, "वर ठेव गो. साहेब आता बघायला येत नाय." ते तुमी तेव्हा हॉस्टेलात होता म्हणून तुमाला ठाऊक नाय.

आणि डबा माझ्या एकटीचा नाय. दर पुनवेला वस्तीतल्या बाया डब्यात वंदनेला येतात. परवाच्या पुनवेला मी त्यांना सगळं सांगितलं, पत्र्याचं, ताडपत्रीचं, शेठचं. तर सावळी मस्करीत बोलली, "गळतंय तर गोधडी घाला वरून." सगळ्या हसल्या. मग एकेक जण आपल्या पदराचं कापड चाचपायला लागली. बाईजा बोलली, "कापड रंग प्यायला पाहिजे ना? मग धुऊन धुऊन नरम झालेल्या लुगड्याइतकं कोण पितं?"

तर आमी गोधडी शिवतोय. डब्याएवढी. पांढरी. जिच्याकडं जे आहे ते तिनं दिलं. लग्नातली पांढरी पातळं, सासवांची दीक्षेच्या दिवशीची लुगडी. तुमच्या आईचं दीक्षेचं लुगडं तुमच्याकडं आहे. एक कोपरा त्याच्यासाठी मोकळा ठेवते. पाठवायचं असेल तर पाठवा.

जानकी


मुक्काम मुरबाड
३० मार्च १९९९

वहिनी,

माझी जुनी विद्यार्थिनी भावना इथे राहते, तिच्या घरून लिहिते आहे. गेले होते बघायला. तू सांगितलंस म्हणून नाही.

कमानीवर सिमेंटचं इंजिन आहे, त्यातून विजेवर धूर निघतो. त्याच्यामागे तो पहिला डबा. मी आधी वर बघून छप्पर शोधलं. छप्परच नाही. मूळचं सगळं उतरवून वर सिमेंटचा स्लॅब टाकला आहे, आणि त्या स्लॅबवर पाण्याची काळी टाकी. आत फोमचं खोटं छत, त्यात रंगीत दिवे. बाकं तोडून दारूचं काउंटर केलंय. मी विचारलं, "कॅनव्हास कुठे आहे?" हितेशशेठ म्हणाले, "मॅडम, कस्टमर वर बघत नाही." मग मोठ्या मनानं म्हणाले, "तुमच्या डब्यावर मात्र टाकू. दिसेल असा. खालून लायटिंग देऊ."

एवढ्यावर मी कदाचित मान हलवलीही असती. मला सुंदर शब्दांनी फसवणं सोपं आहे, तुला ते माहीत आहे. पण त्यांनी मला कार्यालयात नेलं आणि एक चित्र दाखवलं. आपल्या डब्याच्या दारात फायबरचा पुतळा उभा करायचा आहे. पगडी, लाल पट्टा, हातात तबक, कमरेत वाकलेला. म्हणाले, "तुमचे फादर साहेबाची सर्व्हिस करायचे ना? ही आपली थीम. त्यांचंच नाव देऊ. येणारा प्रत्येक कस्टमर त्यांच्यासोबत फोटो काढेल."

मी म्हटलं, "माझे वडील वाकून उभे राहायचे ते पगार मिळत होता तोवर. तुम्ही त्यांना फुकट वाकवणार?"

त्यांना ते कळलं नाही. "मॅडम, मेंटेनन्स आमचा," म्हणाले.

मी चहाला हात न लावता उठले. इतका खोटा, इतका चकचकीत, इतका स्वतःवर खूश माणूस मी पाहिला नाही, आणि शाळेत मी चांगली बत्तीस वर्षं पालक पाहिले आहेत. डबा इथे येणार नाही. मुकेशला मी वेगळं लिहिते आहे.

आणि आता तुझी गोधडी. वहिनी, पावसात गोधडी पांघरून बसलेला डबा ही कल्पना त्या पुतळ्यापेक्षा फार वरच्या दर्जाची आहे असं समजू नकोस. आईचं लुगडं मी छपरावर घालायला देणार नाही. डबा टेकाडावर आला त्या दिवशी आईनं तेच नेसून आत पाऊल टाकलं होतं. बाबांनी साहेबाची खुर्ची पुसून दिली आणि ती बसली. मी दारात उभी होते, मी पाहिलं आहे. ते लुगडं माझ्या पेटीत आहे आणि पेटीतच राहील.

कमळ


उंबरमाळी
२४ मे १९९९

वन्सं,

तुमचं पत्र वाचून मी मुकेशला पुतळ्याचं सांगितलं. तो जेवत होता. त्यानं ताट बाजूला सारलं. मग बोलला, "शेठ मला बोलला होता, आजोबांचं नाव लावू. वाकलेला आहे ते नाय बोलला." पण आमचा बोललेला शब्द मागं घेत नाय, बापावर गेलाय. थेंब पडला तर डबा इथून जाणार, मुरबाडला नाय तर भंगारात, हे त्यानं परत सांगितलं.

छप्पर झालं. पत्रे काढले तर खाली खिळ्याखिळ्याला फळी कुजलेली. कोंडूनं जुन्या घराच्या ऐन लाकडाच्या फळ्या मोडून घातल्या, लांबी भरली. तुमची रीत मी त्याला वाचून दाखवली. तुमचं एक खरं, ओल्या रंगातच कापड बसवायचं. कोंडू बोलत होता आधी सुकू दे. मी बोलले, "बायनं लिवलंय तसं कर. बाय कापडात चुकते, रंगात नाय."

गोधडी गुंडाळून शिडीवरून वर चढवली, एका टोकाकडून सोडत गेलो. बाया दोन्ही कडांना. सफेदा तिनं असा ओढून घेतला की कोंडू रंगाचा दुसरा डबा उघडायला पळाला. हातापायाला, केसांना, सगळ्यांना रंग. बाईजा वरून ओरडली, "आता लग्नाला चला, नवं पातळ नको." वाकलेलं छप्पर आहे, त्यामुळं गोधडी अंगाला बसली. वरून आणखी रंग दिला. लांबून बघितलं तर टाके दिसतात, ओळीनं. तुमच्या साहेबाला दिसले असते तर मेला असता.

मोकळा ठेवलेला कोपरा होता त्याचं सांगते. तुमच्या आईचं लुगडं आलं नाय. उघडा तर ठेवता येत नाय. शेवटी तुमच्याच ताडपत्रीचा तुकडा तिथं जोडला. आणि तुमाला माहीत आहे आमच्याकडं गोधडी रिकाम्या पोटी मिटत नाय, शेवटच्या कोपऱ्यात टरफलासकट भाताचे चार दाणे घालून टाका मारायचा. ते सावळीनं घातले. पोट भरलेली गोधडी ऊब देते.

आता पाऊस बघायचा.

जानकी


नाशिक रोड
१५ जुलै १९९९

वहिनी,

तुझं पत्र शेजारच्या गृहस्थांना वाचून दाखवलं. ते आधी खूप हसले, मग चष्मा पुसत म्हणाले, "कापूस आहे, जवस आहे, टिकायला हरकत नाही. पण सलूनवर गोधडी." आणि पुन्हा हसले. मला त्या हसण्याचा राग आला. का आला ते मला सांगता येत नाही, कारण माझं मतही तेच आहे.

इथे आठवडाभर पाऊस आहे. मी सहज विचारते आहे, काही विशेष कारण नाही. गळतं का?

कमळ


उंबरमाळी
९ सप्टेंबर १९९९

वन्सं,

सहज सांगते.

आषाढ गेला, श्रावण गेला, पाऊस आडवा-उभा पडला, रूळ दिसत नव्हते. एक कोपरा सोडून सगळा डबा कोरडा. टोप पहिल्यांदा पावसाळ्यात मांडणीवर बसले. आणि आवाज, वन्सं. तुमी लिवता तो. मी आजवर ऐकलाच नव्हता. टोपांच्या आवाजात तो कधी ऐकायलाच आला नाय. बारीक, जाड कपड्यावर हात फिरवल्यासारखा. एक दिवस माझी चूल पेटवायची राहून गेली.

आता कोपऱ्याचं. तुमच्या ताडपत्रीवर रंग धरला नाय, ती कडेनं सुटली. खाली ओल गेली. आणि सावळीनं घातलेलं भात उगवलं. खरं सांगते, साहेबाच्या डब्यावर भात आलंय. चार काड्या, हिरव्यागार, आमच्या खाचरातल्यापेक्षा बऱ्या. आता लोंब्या धरल्यात. कोंडू रोज खालून बघून जातो. "खत कुठलं टाकलंस गो?" मी बोलले, "नाशकाचं."

पण तिथून थेंब पडतो. मोठा नाय. तुमी पूर्वी झोपायच्या त्या खिडकीच्या वर. मुकेश दर चार दिवसांनी टॉर्च घेऊन येतो, वर बघत फिरतो. तो आला की मी उठून त्या कोपऱ्यात बसते, डोक्यावर पदर घेते. थेंब पदरात पडतो, आवाज येत नाय. परवा तो बोलला, "आये, तू पावसात नेमकी तिथंच का बसते?" मी बोलले, "इथून गाडी दिसते." किती दिवस बसू? परतीचा पाऊस यायचाय. तो वादळानं येतो, पदरात मावत नाय.

मी काही मागत नाय. मागितलं होतं एकदा. तुमच्या सासरच्या पेटीत माझ्या सासूचं लुगडं डांबराच्या गोळ्या खात पडलंय आणि वर तिच्या बरोबरीच्या बायांची लुगडी पाऊस झेलतात. ती असती तर कुठं बसली असती, पेटीत का वर, ते तुमी ठरवा. तुमी तिची पोर. मी नुसती सून.

जानकी


नाशिक रोड
२ ऑक्टोबर १९९९

प्रिय वहिनी,

परवा पेटी उघडली. मी दर वर्षी धम्मचक्र दिनाला ती उघडते, लुगड्याचा वास घेते आणि बंद करते. यंदा आधीच उघडली. वास फक्त डांबराच्या गोळ्यांचा होता. आईचा नव्हता. बहुतेक बरीच वर्षं नसावा, मी लक्ष दिलं नव्हतं. उलगडून पाहिलं तर घडीवर विरलंय. अजून दोन-चार वर्षं जपलं असतं तर जपायला उरलं नसतं.

हे सगळं तुला लिहिताना मला अजिबात आनंद होत नाही. तू बरोबर ठरावंस अशी माझी कधीच इच्छा नव्हती. आणि तो थेंब माझ्याच खिडकीवर पडावा, माझ्याच ताडपत्रीतून, यात तुला जेवढं समाधान मिळालं असेल तेवढं मी गृहीत धरलं आहे. डोक्यावर पदर घेऊन पाणी लपवणारी बाई मला बावळट वाटते. ते चित्र तरीही तीन आठवडे डोळ्यांपुढून हलत नाही.

भावनाचा भाऊ उद्या शहापूरला जातो आहे, त्याच्या हाती गाठोडं पाठवते. पाऊस यायच्या आत काम करून घे. कोणाला काय द्यायचं ते लिहिते, त्यात बदल करू नकोस.

लुगडं कोपऱ्याला. दुहेरी-चौपदरी हवं तेवढं घे, काटकसर करू नकोस. विरलेल्या घडीचा भाग खाली घाल, धड भाग वर. फाडण्याआधी काठ मात्र सोडवून घे. काठ पिंकीला. तिनं तो कपाटात ठेवायचा नाही, वापरायचा. ओढणीला लावला तरी चालेल.

ताडपत्री कोंडूला, खळ्यावर अंथरायला. त्याला सांग, बाईनं शिकवलं नाही, दिलं.

गाठोड्यात हितेशशेठचं माहितीपत्रक आहे. ते सावळीला, चूल पेटवायला. कागद गुळगुळीत आहे, धूर फार होईल, तेव्हा दार उघडं ठेवायला सांग.

जुने पत्रे मुकेशला. त्याच्या मोटारसायकलीवर छप्पर करू दे. आणि त्याला सांग की आत्या दिवाळीला येते आहे, त्याच्या स्लॅबखाली जेवेल आणि डब्यात झोपेल, त्या खिडकीपाशी. थेंब पडलाच तर तो माझ्या तोंडावर पडेल आणि मी गप्प राहीन. टॉर्च त्यानं घरी ठेवावी.

तुला काही पाठवलेलं नाही. चवळीच्या शेंगा आणून ठेव.

राहिल्या त्या लोंब्या. त्या कोणालाही द्यायच्या नाहीत. चोळून दाणे काढ आणि नव्या कोपऱ्यात, आईच्या लुगड्यात घाल, तुमच्या रीतीप्रमाणे. फक्त टाका मारण्याआधी तव्यावर भाजून घे.

तुझी,
कमळ